पाण्याची हजेरी

शिरगाळ्याच्या समुद्रात कोंबडी आहे, हे शास्त्राने सिद्ध केलं त्या सकाळी गावात फारशी खळबळ उडाली नाही. शिरगाळ्यात खळबळ उडायला बांगड्याचा थवा लागावा लागतो, नाहीतर ठरलेलं लग्न मोडावं लागतं. कोंबडी या दोन्हींत बसत नव्हती.

खळबळ उडाली ती फक्त उर्वी मालंडकरची. खाडीच्या मुखाशी ती वाळूवर उकिडवी बसली होती. पुढ्यात जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, भोवती हायस्कुलातली मुलं. यंत्राने घसा खाकरला. खरं तर तो आतला पंखा बंद पडल्याचा आवाज होता, पण मुलांनी तो घसाच मानला होता. मग बातम्यांच्या सुरात ते सांगू लागलं, "तारली. बांगडा. शेवटा. खेकडा, दोन जाती. कोंबडी."

"कोंबडी पेवता काय गो ताई?" एका मुलीने विचारलं.

"नाही पोहत."

"मगे पाण्यात कशी?"

"चूक झाली असेल," उर्वी म्हणाली. चूक झालेली नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. यंत्राचं उत्तर बरोबर आलेलं होतं, पंचाईत तीच होती.

कागदोपत्री या यंत्राचं नाव 'जलस्थ जनुकीय अभिज्ञान संच' असं होतं. ते उच्चारताना आपल्याच जिभेला गाठ बसते म्हणून गावाने त्याला 'जीभ' म्हणायला सुरुवात केली, आणि नाव चपखल बसलं. कारण ते पाण्याची चवच घ्यायचं. पाण्यात जो जगतो तो पाण्यात काही ना काही टाकतो. खवले, कातडीचा बुळबुळीतपणा, विष्ठा. माणूस घरात केस सांडतो तसा मासा समुद्रात स्वतःला थोडा थोडा सांडत असतो. त्या प्रत्येक कणात त्याच्या जनुकांचे तुकडे असतात. पूर्वी हे तुकडे वाचायचे तर पाणी बर्फात घालून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि निकाल येईपर्यंत मासा म्हातारा होऊन मरायचा. आता बादलीभर पाणी जिभेच्या गाळणीतून सोडलं, की ती तुकडे धरते, त्यांच्या लाखो नकला काढते, अक्षरं वाचते आणि पोटातल्या संग्रहाशी ताडून तासाभरात सांगते : इथे कोण कोण येऊन गेलं. तेही काल-परवाच, कारण आपल्या गरम समुद्रात हे तुकडे फार दिवस टिकत नाहीत. म्हणजे जीभ इतिहास सांगत नाही, ताजी चहाडी करते.

'किनारा विज्ञान प्रतिष्ठान' नावाच्या संस्थेने अशा जिभा किनाऱ्यावरच्या गावोगावी वाटल्या होत्या. हेतू उदात्त होता. आपल्या समुद्रात काय आहे ते गावाने स्वतः पाहावं, मुलांनी विज्ञान वाळूवर बसून शिकावं, आणि राखावंसं वाटेल ते राखावं. तालुक्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली उर्वी ही शिरगाळ्याची 'किनारामित्र' होती. मुलांना जमवायचं, पाणी भरायचं, जीभ बोलेल ते प्रतिष्ठानला कळवायचं. मुलांना हे इतकं आवडलं होतं, की जी मुलं शाळेत हजेरीला सापडत नसत ती समुद्राच्या हजेरीला अंघोळ न करता पोचत.

आता कोंबडी. खाडीच्या अलीकडच्या काठावर, पाण्याला टेकून एक दुकान होतं – 'दर्यादौलत चिकन सेंटर'. रोज सकाळी तिथली आतडी, पिसं आणि पाय मागच्या खिडकीतून थेट खाडीत जात. दुकानाचे मालक बाबल मोंडकर. हे उर्वीचे सख्खे मामा. उर्वीचे वडील आखातातल्या जहाजावर गेले ते तिकडचेच झाले. तेव्हापासून बाबलमामाने बहिणीला आणि भाचीला आपल्या घरात आणून ठेवलं, आणि हे आपण काही विशेष केलं असं त्याला कधी वाटलं नाही.

जिभेने विचारलं, "नोंद पाठवू?"

उर्वीने 'कोंबडी'वर बोट ठेवलं आणि 'वगळा' दाबलं.

"कारण?" जिभेने विचारलं.

"हाताळणीतील चूक."

"ठीक आहे," जीभ म्हणाली. यंत्राला टोमणा मारता येत नाही म्हणतात. उर्वीला त्या दिवसापासून खात्री वाटेना.

*

पुढे दर खेपेला जीभ कोंबडी सांगायची आणि उर्वी कोंबडी काढायची. मामाच्या कोंबड्या कापल्यावरही मरत नव्हत्या, रोज नव्याने मारून टाकाव्या लागत. अशातच दिवाळीनंतर एका सकाळी जीभ म्हणाली, "शेवटा. मोरी मासा. कोंबडी. अटलांटिक सामन."

उर्वीने पुन्हा पाणी भरलं, गाळणी बदलली, तासभर वाट पाहिली. "अटलांटिक सामन," जीभ म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच.

सामन हा थंड पाण्याचा मासा. शिरगाळ्याच्या पाण्यात तो पोहत येणं म्हणजे पेंग्विनने एसटीने येण्यासारखं. त्याला इथे यायचा एकच मार्ग होता : आधी विमानाने, मग ताटातून, मग माणसाच्या पोटातून. मासा शिजवला, खाल्ला, पचवला, तरी त्याच्या जनुकांचे थोडे तुकडे चिवटपणे उरतात आणि सांडपाण्यातून बाहेर पडतात. जीभ तेवढ्यावर ओळख पटवते. आणि शिरगाळ्यात सामन खाणारी पोटं एकाच ठिकाणी मुक्कामाला होती. खाडीच्या पलीकडच्या काठावर, नारळीच्या बागेत : लाटांगण रिसॉर्ट. त्याच्या फाटकावर 'आमचा एकही थेंब समुद्रात जात नाही' असं तांब्याच्या पाटीवर कोरलेलं होतं.

मागच्या पावसाळ्यापासून हायस्कुलातल्या मुलांना अंगभर खाज सुटत होती. खाडीत उतरून कालवं, म्हणजे खडकावरचे शिंपले, काढणाऱ्या बायकांच्या पायांना फोड येत होते. डॉक्टर म्हणत ॲलर्जी. कशाची ते सांगत नसत.

उर्वीने सामन वगळला नाही. पाठवला.

आठवड्याभरात प्रतिष्ठानचे डॉ. हर्षद पाटणकर पुण्याहून हजर झाले. पाटणकर वाईट माणूस नव्हते. खरं तर तीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडायला दुपार पुरते, चांगल्या माणसाशी भांडताना चहा प्यावा लागतो. चहा त्यांनी बंदरावरच्या टपरीत मागवला, उतरले मात्र ते लाटांगणमध्ये होते.

"उर्वी, तो रावस असणार," ते म्हणाले. "हॉटेलांच्या मेनूत रावसाला 'इंडियन सामन' लिहितात. त्यातलाच घोळ."

"सर, मेनूत काही लिहितात. जीभ मेनू वाचत नाही. तुमच्या-माझ्या आडनावात शेवटी 'कर' आहे म्हणून आपण चुलत भावंडं होत नाही. रावस-सामनाचं तेवढंच नातं."

पाटणकर हसले. मग त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "बरं. सामन खरा धरू. मग कोंबडी?"

उर्वीने चहाचा कप उचलला.

"दर नोंदीत तू कोंबडी वगळली आहेस. हाताळणीतली चूक म्हणून. मला कळलं नाही असं तुला वाटलं? एकाच बादलीतली कोंबडी खोटी आणि सामन खरा, हे कोणतं विज्ञान? लाटांगणचे खेर मला हेच विचारतात. माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून दोन्ही खोटे. यापुढे यंत्रात 'शुद्धी' चालू ठेवायची, अपेक्षित नसलेलं काही आलं तर ते आपोआप गळेल."

"म्हणजे जे नसायला हवं ते सापडलं, तर ते सापडलं नाही."

"असं बोलू नकोस. लाटांगण आपला मुख्य आधार आहे. त्यांनी हात काढला तर किनाऱ्यावरच्या सगळ्या जिभा कपाटात जातील. एका माशापायी तुला एवढ्या गावांची मुलं घरी बसवायची आहेत?" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि आणखी एक. प्रतिष्ठानच्या महोत्सवात शिष्यवृत्ती जाहीर होणार आहे. तुझं नाव आहे. बर्गन, नॉर्वे. दोन वर्षं. या किनाऱ्यावरून आजवर कोणी गेलेलं नाही."

उर्वीने समुद्राकडे पाहिलं. हे तिला हवं होतं. इतकं हवं होतं, की तिने बर्गनचं हवामान रोज फोनवर बघायला कधीच सुरुवात केली होती. तिथे बहुधा पाऊसच असायचा.

"सामन तिकडून इकडे येतो, मी इकडून तिकडे जाणार," ती म्हणाली. "वाटेत भेट झाली तर ओळख दाखवायची नाही. एवढंच ना, सर?"

पाटणकरांनी चहाचे पैसे दिले.

*

मामाला सांगायला तिने दुपार निवडली, गिऱ्हाईक नसताना. मासे खाणाऱ्या गावात कोंबडीचं दुकान चालतं कसं, असं परगावचे लोक विचारतात. त्याचं उत्तर असं, की मासे उरले नाहीत म्हणून. बाबलमामा जन्माने रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि सगळं गाव दोन्ही टोकांचे दोर धरून ओढतं. ज्याचा हात दोराला लागला त्याचा वाटा. शिरगाळ्याच्या रापणीचे आणखी दोन कायदे होते, कुठेही लिहिलेले नसल्याने कोणी मोडत नसे. जाळं वाळूवर रिकामं होईपर्यंत कोणी उठून जायचं नाही. आणि तोवर जाळ्यात हात घालायचा नाही. आत पापलेट असो, जेलीफिश असो, की कोणाची हरवलेली चप्पल. सगळं सगळ्यांसमोर ओतायचं, मग बोलायचं.

उर्वीने मामाला सगळं सांगितलं. मामा ऐकत होता आणि सुरा ओल्या फडक्याने पुसत होता. सुरा कधीच स्वच्छ झाला होता.

"म्हणजे आता माजी कोंबडी तू पुन्ना पाण्यात सोडतलंस," तो शेवटी म्हणाला.

"सोडूची लागात. नायतर त्यांचो सामन सुटता."

"माका दंड होयत."

"होयत."

"दुकान बंद करतीत."

"तसा नाय करणत. पण चार लोक बोलतीत."

"चार नाय गो, सगळे बोलतीत. ह्या गावात चार लोक बोलणारे असते तर मी सुखी असतंय." सुरा त्याने ओट्यावर ठेवला. "पयल्या दिवशी कोंबडी कोणी काढल्यान?"

"मी."

"कोणाक इचारून?"

"तुज्यासाठीच काढलंय ना, मामा."

"मी सांगितलेलंय?" मामाचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "जाळ्यात हात घातलंस तू. माज्या नावान. माका वाचवूक. मी काय लाटांगण आसय, माका पाटी लावून वाचवूचा लागता?"

"मामा, आयक तरी..."

"जा. गिऱ्हाईक येयत."

गिऱ्हाईक आलं नाही. मामाही त्यानंतर बोलला नाही. जेवताना तो उर्वीच्या आईला म्हणायचा, "तुज्या चेडवाक आमटी वाढ." चेडू समोरच बसलेलं असायचं. दंडाच्या भीतीने तो रागावला असावा, असं आईला वाटत होतं. उर्वीला तसं वाटत नव्हतं, पण काय वाटत होतं ते तिला सांगता येत नव्हतं. वाचवल्याबद्दल चिडलेला माणूस तिने याआधी पाहिला नव्हता.

तरीही तिने मागच्या सगळ्या नोंदी उघडल्या आणि एकेक कोंबडी परत आपल्या जागी बसवली. "कारण?" जीभ विचारायची. "ती होती म्हणून," उर्वी लिहायची. पण 'शुद्धी' प्रतिष्ठानच्या दप्तरातही बसवलेली होती, या नोंदी पोचताच तिने त्या गिळून टाकल्या. कोंबडीही, सामनही. सगळ्या समुद्राचा निकाल स्वच्छ आला.

*

किनारा विज्ञान महोत्सवाचा मांडव वाळूवर निळ्या-पांढऱ्या कापडाचा घातला होता. व्यासपीठावर लाटांगणचे व्यवस्थापक रणजित खेर होते, अंगात लाटांची नक्षी असलेला सदरा. शेजारी प्रमुख पाहुणे, राज्याचे किनारा सल्लागार अधिराज तुळपुळे. तुळपुळेसाहेब मोठे प्रेमळ गृहस्थ. भाषण करताना त्यांचं लक्ष घड्याळाकडे असायचं आणि घड्याळाचं जेवणाकडे. शाश्वत, समृद्ध आणि समावेशक असे तीन 'स' त्यांनी सांगितले. चौथा 'स' पाटणकरांनी ऐनवेळी आवरला : सत्कार. त्याआधी प्रात्यक्षिक होतं. उर्वी मालंडकर जिभेला पाणी चाखवणार, निकाल जाहीर होणार, आणि त्यावरच शिष्यवृत्तीचा लिफाफा तिच्या हातात पडणार.

पाणी टेबलावर तयार होतं. निळ्या रंगाचा मोहोरबंद कॅन. ते जिभेत ओतायचा मान गावातर्फे गंगारामआजांना दिला होता. हे रापणीचे तांडेल, म्हणजे ओढ कधी द्यायची आणि दोर कधी सैल सोडायचा ते सांगणारे. आजांनी कॅन उचलून उन्हात धरला.

"ह्या पाणी खयचा?"

"खोल समुद्रातलं आहे, आजोबा," खेर म्हणाले. "अगदी शुद्ध. आम्ही खास बोट पाठवून आणलं."

"दारात समुद्र आसताना डब्यातलो समुद्र कित्याक?"

मांडवात हशा पिकला. तुळपुळेसाहेबही हसले, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. आजांनी कॅन खाली ठेवला. मान द्यायचा तर ते घेत, पण दुसऱ्याच्या पाण्यावर मान घ्यायची त्यांना सवय नव्हती. ते व्यासपीठावरून उतरले आणि रापणकरांच्या घोळक्यात जाऊन बसले.

उर्वीने माइक हातात घेतला. "खाडीच्या मुखाचं पाणी आणा रे," ती मुलांना म्हणाली. "ओहोटी आहे, दोन्ही काठांचं येईल." मुलं अशी पळाली, की जणू शाळा सुटली.

पाटणकर तिच्या जवळ आले. "उर्वी," ते पुटपुटले, "शुद्धी चालू आहे ना?"

"नाही, सर. बंद केली."

"ऐक माझं. लिफाफा माझ्या खिशात आहे. तो तिथून बाहेर येईल की नाही, हे आता तुझ्या बोटावर आहे."

मुलं बादली घेऊन परतली. उर्वीने पाणी जिभेत ओतलं, बोट पुढे केलं आणि बटण दाबलं. पंखा सुरू झाला.

"तास लागेल," तिने माइकवर जाहीर केलं.

हे ऐकताच खेरांचा चेहरा खुलला. "तर मग तोवर जेवून घेऊ," ते म्हणाले. "पाहुण्यांसाठी लाटांगणवर व्यवस्था आहे, ग्रामस्थांसाठी इथेच पुलाव. निकाल नंतर ईमेलने पाठवता येईल. एवढ्या उन्हात कोणाला ताटकळत ठेवायचं?"

योजना चांगली होती. कोणत्याही गावात ती चालली असती. जेवणाची हाक आली की सभा उठते, हा पृथ्वीवरचा सर्वात जुना नियम आहे. पाहुणे उठले, मोटारींत बसले. खेर पाहुण्यांबरोबर गेले नाहीत. जीभ आणि आपण यांत अंतर पडू नये असं त्यांना वाटलं असावं. पाटणकरही थांबले.

मांडवात मात्र कोणी उठलं नाही.

"पुलाव गरम आहे," खेर म्हणाले.

"ऱ्हांवदे," गंगारामआजा म्हणाले. "जाळा पाण्यात आसा. आमी बसतलाव."

आणि शिरगाळं बसलं. जसं रापण ओढून झाल्यावर बसतं तसं : गुडघे जवळ घेऊन, डोळे समुद्राकडे, तोंड चालू. कोणी गजाली मारल्या, कोणी तंबाखू मळली. कालवंवाल्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. मांडवाचं कापड वाऱ्याने फडफडत होतं, पुलाव थंड होत होता. खेर येरझाऱ्या घालत होते. पाटणकर आधी उभे होते, मग खुर्चीत बसले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, बूट काढून वाळूवर बसले. मांडवाच्या अगदी कडेला, खांबाला टेकून बाबलमामा होता. उर्वीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुलावाच्या पातेल्याकडे पाहिलं.

बसून राहण्यात एवढी ताकद असते, हे खेरांना व्यवस्थापनाच्या कोर्सात शिकवलं नव्हतं. "जनरेटर बंद करा," ते एकदा म्हणाले. जीभ बॅटरीवर चालते, असं त्यांना एका शाळकरी मुलीनेच सांगितलं.

शेवटी पंखा थांबला. जिभेने घसा खाकरला.

"माणूस," ती म्हणाली.

"हजर," मुलं एका सुरात ओरडली. ही त्यांची रोजची खोड होती. वर्गात ज्याला हजेरी आवडत नाही त्याला ती समुद्रात फार आवडते.

"तारली. शेवटा. खेकडा. कुत्रा." कुत्रा म्हटल्यावर टेबलाखाली झोपलेल्या कुत्र्याकडे सगळ्यांनी पाहिलं. "कोंबडी."

मुलांनी खांबाकडे पाहिलं. कोंबडी कोणाची ते गावातल्या लेकराला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि माइकवर ऐकणं वेगळं.

खेर पुढे झाले. "पाहिलंत? समुद्रात कोंबडी. हे यंत्र बिघडलेलं आहे. कोंबडी ही हाताळणीतली चूक आहे, आणि हे मी म्हणत नाही, मालंडकरबाईंनी स्वतः आजवर..."

"हजर."

आवाज खांबापासून आला होता. बाबलमामा उभा राहिला होता. त्याने लुंगी नीट केली, जसा माणूस देवळात शिरताना करतो.

"बाबल मोंडकर. दर्यादौलत चिकन सेंटर," तो म्हणाला. "आतडी, पिसां, पाय. सगळा माजा. इतकी वर्सां खिडकेतसून टाकलंय, परवापर्यंत. काल परसात खड्डो मारलंय, दंड काय तो मी भरतलंय. पण माज्या कोंबडेक चूक म्हणा नको. माजी कोंबडी खरी आसा."

कोणी हसलं नाही. कोणीतरी "बस रे बाबल" म्हणालं. ते चिडवून नव्हतं.

मामा बसला नाही. "आता म्होरचा नाव घेव दे यंत्राक."

उर्वीने माइक जिभेजवळ धरला. खेर पाटणकरांकडे वळले, "डॉक्टर, हे थांबवा." पाटणकर वाळूवर बसले होते. कोंबडीला धनी सापडला होता. म्हणजे जीभ बरोबर होती. आता तिला कोणत्या तोंडाने चूक म्हणायचं, हे शास्त्राच्या माणसाला सुचेना. ते फक्त बुटातली वाळू झटकत राहिले.

"अटलांटिक सामन," जीभ म्हणाली.

कोणी हजर म्हणालं नाही. सगळ्या मांडवाने मान वळवली आणि लाटांच्या सदऱ्याकडे पाहिलं. पोरं, बायका, रापणकर, आणि तो कुत्रासुद्धा, कारण सगळे बघतात म्हणजे काहीतरी खायचं असणार.

"यात काही अर्थ नाही," खेर म्हणाले. "गावातही कोणी खाल्ला असेल."

"सामन?" कालवंवाल्या मनोरमाकाकींनी विचारलं. "आमच्या बांगड्याक काय झाला?"

इतक्यात मोटारी परत आल्या. तुळपुळेसाहेब प्रसन्न मुद्रेने उतरले. दातकोरणीचं काम चालू होतं. समारोपाचे दोन शब्द बोलून पाच वाजेपर्यंत जिल्ह्याला पोचायचं होतं. सगळे गप्प बसलेले पाहून त्यांना वाटलं, आपलीच वाट पाहत होते. ते व्यासपीठावर चढले आणि उर्वीच्या शेजारी येऊन उभे राहिले.

उर्वीने माइक तोंडाशी नेला. हजेरीत नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, तर मास्तर पुन्हा पुकारतात, तसं तिने सावकाश पुकारलं, "अटलांटिक सामन?"

आणि माइक बाजूला घेतला, तो नेमका तुळपुळेसाहेबांच्या समोर आला.

"हो, हो," साहेब माइकमध्ये म्हणाले. "आत्ताच घेतला. उत्तम होता. खेरसाहेब रोज नॉर्वेहून मागवतात म्हणे, या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाकडे मिळणार नाही." मग त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. "चव फारच छान."

खेरांनी डोळे मिटले.

"धनी गावलो," गंगारामआजा म्हणाले.

मांडवातून पहिलं हसू कुठून निघालं ते कळलं नाही, पण ते लाटेसारखं मागे गेलं आणि परत आलं, आणि परत आलं तेव्हा ते हसू राहिलं नव्हतं. लोक उभे राहत होते. जाळं वाळूवर रिकामं झालं होतं, आता बोलायला हरकत नव्हती, आणि बायकांना पायांवरच्या फोडांबद्दल बरंच बोलायचं होतं. तुळपुळेसाहेब सर्वांकडे पाहून हात हलवत होते. त्यांना हा उठून दिलेला मान वाटला.

पाटणकर व्यासपीठाशी आले. बूट हातात होते. "उर्वी," ते म्हणाले, "अजून वेळ आहे. एवढंच म्हण, की चाचणी अपूर्ण आहे. मी सांभाळून घेतो. लिफाफा अजून खिशात आहे."

उर्वीने त्या खिशाकडे पाहिलं. बर्गनला आज पाऊस असेल. मग तिने टेबलाखालची बादली उचलली.

"बरोबर आहे, सर. अपूर्णच आहे," ती म्हणाली. "इथे दोन्ही काठांचं पाणी मिसळलेलं होतं. आता फक्त पलीकडचं घ्यायला हवं."

ती उतरली आणि पूल ओलांडून लाटांगणच्या बागेकडे चालू लागली. मुलं जीभ पालखीसारखी उचलून मागून निघाली, त्यांच्यामागे रापणकर, बायका, आणि थोडं अंतर ठेवून, बूट हातातच घेऊन, डॉ. पाटणकर. तांब्याच्या पाटीचं फाटक बंद होतं. रखवालदाराने आत बघितलं, बाहेर बघितलं. तो शिरगाळ्याचाच होता.

बाबलमामाने उर्वीला गाठलं आणि तिच्या हातातली बादली काढून घेतली.

"हात घालशीत परत," तो म्हणाला. "मी धरतंय."